मुंज्याला ५ किंवा ६

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावरचं चित्र केव्हाच घासून गेलंय. आत लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापलेल्या ४१ गोल चकत्या आहेत. हळदीकुंकवाच्या करंड्याचं झाकण कागदावर ठेवून, पेन्सिलने गोल काढून, आजीच्या शिवणकामाच्या कात्रीने कापलेल्या. प्रत्येक चकतीच्या एका बाजूला स्केचपेनाने काढलेलं कोणीतरी आहे आणि त्याच्या खाली दोन आकडे. दुसऱ्या बाजूला पत्रिकेतली अर्धवट कापली गेलेली अक्षरं: 'चि. सौ. कां.', 'गोरज मुहूर्ता', 'काकाच्या लग्नाला याय'. एका चकतीच्या पाठीवर गणपतीची नुसती सोंड आहे.

चकत्या मुळात ४२ होत्या. बेचाळिसावीचं पुढे सांगते.

२००५ च्या डिसेंबरात मोठे मामा अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांच्या मुलांचा खेळून झालेला एक खेळ घेऊन आले. 'पोकेमॉन मास्टर ट्रेनर'. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९९९ साली काढलेला. तोवर पोकेमॉन, म्हणजे जपानी कार्टूनमधले काल्पनिक प्राणी, आमच्या ओळखीचे झाले होते. कार्टून नेटवर्कवर ते हिंदीत बोलायचे, चिप्सच्या पाकिटातून त्यांच्या चित्रांच्या प्लास्टिकच्या चकत्या, टाझो, निघायच्या, आणि नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत टाझोंची देवघेव कैऱ्यांच्या वाट्यांइतकी गंभीरपणे चालायची. पण टाझो म्हणजे नुसती चित्रं. मामांनी आणलेल्या खोक्यात त्या प्राण्यांचा अख्खा प्रदेश घडी घालून ठेवलेला होता.

पट उघडला की कांटो नावाच्या मुलखाचा नकाशा पसरायचा. सगळ्यांनी पॅलेट टाउन या गावातून निघायचं. वाटेत रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांवर त्या त्या रंगाच्या चकत्या पालथ्या ठेवलेल्या. ठिपक्यावर पोचलात की चकती उलटायची: आत कोण बसलंय, त्याची ताकद किती, आणि त्याला पकडायला फाशावर कोणता आकडा पडायला हवा, हे सगळं तिच्यावरच लिहिलेलं. साध्या प्राण्याला बरेच आकडे चालायचे, दुर्मिळाला एखाददुसराच. लढाईत आपल्या प्राण्याची ताकद आणि फाशावरचं दान यांची बेरीज करायची, ज्याची जास्त तो जिंकला. पुरेशी ताकद जमली की इंडिगो प्लॅटोवर जाऊन शेवटची लढत द्यायची. नियमांची पुस्तिका इंग्रजीत होती. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आठवीत होता. तो एकेक वाक्य वाचून अर्थ सांगायचा आणि जिथे अर्थ लागायचा नाही तिथे नियम बनवायचा. मी सहावीत होते, आमच्यातला सगळ्यांत धाकटा छोट्या दुसरीत.

पालथी चकती उलटायच्या आधीचा तो क्षण मला अजून बोटांच्या टोकांशी जाणवतो. सापशिडीत पुढच्या घरात साप आहे की शिडी ते आधीच दिसत असतं. इथे दिसत नव्हतं. कोणीतरी त्या जागी राहतंय, आपण त्याच्या दारात उभे आहोत, आणि दार उघडल्याशिवाय ते कोण हे कळणार नाही. मला वाटतं, पकडण्यापेक्षा या दार उघडण्यासाठीच मी खेळायचे.

खोक्यातल्या काही चकत्या अमेरिकेतच हरवल्या होत्या. उरलेल्यांतल्या काही आम्ही गमावल्या. दोन तर कूलरच्या टाकीत पडून फुगल्या. २००६ चा मे आला तोवर पटावरचे इतके ठिपके रिकामे राहायला लागले की खेळ लंगडा झाला. त्या उन्हाळ्यात भारनियमन होतं. दुपारी वीज गेली की कूलर बंद, टीव्ही बंद, आणि वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास तेवढा खोलीत मागे राहायचा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला की अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नसे. अशा दुपारी आम्ही तिघं माजघरातल्या गार फरशीवर पट पसरून बसायचो, बोटांत पोंगे घालून ते खायचो, आणि आजी भिंतीला टेकून गहू निवडायची.

"काय करून राहिले रे पोट्टेहो तुम्ही? कोणाला धरून राहिले?"

दादाने तिला सगळं नीट समजावलं. हे प्राणी आहेत, खरे नाहीत, पण प्रत्येकाची राहायची जागा ठरलेली आहे. कोणी गुहेत, कोणी गवतात, कोणी पाण्यात. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी झाडाचा. पाणी आगीला विझवतं, आग झाडाला जाळते, झाड पाणी पितं. त्यामुळे कोणीच सगळ्यांना भारी नाही.

आजी सुपातला हात थांबवून ऐकत होती. म्हणाली, "मग हे तर आपल्याकडेही आहेत की बाप्पा."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. आगीचा म्हणजे आग्या वेताळ, रात्री माळावर जाळ होऊन फिरतो. पाण्यातल्या म्हणजे साती आसरा, सात बहिणी, विहिरीत, तळ्यात राहतात. झाडाचा म्हणजे मुंजा, पिंपळावरचा. मग खवीस, हडळ, झोटिंग, जखीण, ब्रह्मराक्षस, पुरलेल्या धनावर बसलेला समंध. आणि चकवा, जो दिसत नाही, मारत नाही, फक्त वाट चुकवतो. रात्रभर चालणारा माणूस पहाटे पाहतो तर जिथून निघाला तिथेच उभा. त्यावर उपाय एकच, खाली बसायचं आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही.

जपानमधल्या माणसांनी मांडलेला त्रिकोण तिने गहू निवडता निवडता भरून टाकला होता.

जपानलाही हे नवीन नव्हतं, हे मला फार पुढे कळलं. तिथे तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने १७७६ साली भुताखेतांची सचित्र जंत्री छापली होती. पानापानावर एकेक, चित्र आणि नाव. पोकेमॉनमधला नऊ शेपट्यांचा नाइनटेल्स तिथल्या लोककथांतल्या कोल्ह्यावरून आलेला आहे. मॅजिकार्प नावाचा एक अगदी निरुपयोगी मासा त्यात आहे, नुसता उड्या मारतो. पण धीराने सांभाळला तर विसाव्या पातळीला त्याचा गॅराडोस नावाचा अक्राळविक्राळ जलचर होतो. धबधबा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो ही चीन-जपानकडची जुनी कथा त्याच्या मागे आहे. म्हणजे त्यांच्या खेळाच्या तळाशीही कुठल्या तरी आजीचं माजघर असणार, असं मला वाटतं.

त्याच दुपारी आम्ही पहिल्या चकत्या कापल्या. आजीने कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून दिला. सुरुवातीला आमचा खवीस आणि झोटिंग कांटोतच राहायला गेले, पिकाचूच्या शेजारी. आठवड्याभरात ते पटेना. छोट्या म्हणाला, आसरा शुक्रवारी तलावात राहतात, त्या पॅलेट टाउनला कशाला जातील? मग मिठाईच्या दोन खोक्यांचे पुठ्ठे चिकटवून आम्ही नवा पट केला, आणि त्यावर आमचं नागपूर काढलं.

निघायची जागा आमचा वाडा. तिथून गांधी गेट, ज्याला आजी जुम्मा दरवाजाच म्हणायची. मग शुक्रवारी तलाव, इतवारी, बर्डी, महाराजबाग, अजब बंगला, पलीकडे फुटाळा आणि अंबाझरी. निळ्या खडूने नाग नदी, जिच्यावरून गावाचं नाव पडलं. शून्य मैलाचा दगडी खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे दादाने फार मन लावून काढले होते. घोड्यांच्या माना अजून पुसल्या नाहीत. त्या घराचा नियमही त्याचाच होता: इथे थांबलेल्याची ताकद शून्य, पण पुढच्या दानाला तिथून पटावर कुठेही जाता येतं. देशातली अंतरं इथून मोजायची म्हणून हा दगड, असं त्याला शाळेत शिकवलं होतं.

आमचं इंडिगो प्लॅटो म्हणजे सीताबर्डीचा किल्ला. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई त्याच टेकडीवर झाली, तेव्हा शेवटच्या लढतीला दुसरी जागा आम्हाला सुचणंच शक्य नव्हतं. किल्ला सैन्याच्या ताब्यात. सामान्य माणसाला आत जाता येतं ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. आम्ही ते तसंच खेळात घेतलं. दारात उभं राहून जानेवारीचा १ किंवा मेचा ५ पडला तरच प्रवेश. ऑगस्टचा ८ फाशावर नसतो, म्हणून लागोपाठ दोन चौके पडले तरी दार उघडायचं. एका डावात छोट्या सगळ्यांत बलवान सैन्य घेऊन किल्ल्याच्या दारात बसून राहिला आणि दार उघडायच्या आत संध्याकाळ झाली.

आजी खेळायची नाही. पण प्रत्येक चकतीवरचे आकडे तिने ठरवले, आणि त्यावर तिच्याशी वाद घालण्यात आमचे तासन् तास गेले. ती ताकद कमी-जास्त करून द्यायची, पण स्वभाव बदलू द्यायची नाही. आम्ही चकव्याला ताकद ९ दिली होती. तिने ती खोडून शून्य केली. "तो लढत नाही. त्याच्याशी लढायला गेलात तर तुम्हीच फिरत राहाल." मग चकव्याच्या घरात येणाऱ्याने तीन डाव तिथल्या तिथे गोल फिरायचं, किंवा आपणहून एक डाव खाली बसायचं, म्हणजे फासा टाकायचाच नाही, आणि सुटायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाला फासा न टाकता बसून राहणं किती जड जातं, ते मी छोट्याच्या तोंडावर पाहिलंय.

आसरांच्या बाबतीत तर तिने पकडायला सरळ मनाई केली. त्या देवता. त्यांना धरतात का? त्यांच्या घरात आलात तर आपल्याजवळचं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवायचं, आपली एखादी चकती, आणि मग त्या हव्या तर बरोबर येतील, नाही तर नाही. फाशावर सम पडलं तर येतील. सगळ्या पटावर ही एकच जागा होती जिथे आधी द्यावं लागायचं आणि मिळेलच याची खात्री नव्हती. आम्हाला ते सुरुवातीला मुळीच आवडलं नाही. नंतर मी मुद्दाम वाट वाकडी करून शुक्रवारी तलावावर जायला लागले.

मारबत खेळात यावी हा हट्ट माझा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी छोटी मुलं लाकडी बैल सजवत असतात आणि तिकडे इतवारीच्या बाजूने मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. बरोबर बडगे असतात, त्या वर्षी लोकांना जे जे छळत असेल त्याचे पुतळे. काळ्या मारबतीचं नातं इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसल्यांशी जोडतात. "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत गाव लोटतं, आणि शेवटी तिला जाळतात. बाबांच्या खांद्यावर बसून मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होते. भीती वाटली आणि तिची कीवही आली. सगळ्या गावाचं दुखणं हिच्या डोक्यावर, आणि संध्याकाळपर्यंत ही राख.

आमच्या खेळात मारबत एका डावात एकदाच यायची. ती आली की सगळ्यांनी आपापल्या हातातल्या पीडेच्या चिठ्ठ्या तिच्यावर ठेवायच्या (ताप, शाळेची तपासणी, हरवलेली चप्पल अशा चिठ्ठ्या असायच्या), आणि तिला पटावरून उचलून बाहेर ठेवायचं. पकडायची सोय नाही. लढायची नाही. दादाचं म्हणणं होतं की अशाने खेळ खेळ राहत नाही, कारण ज्याला पकडता येत नाही ते पटावर कशाला. तो दोन दिवस रुसला होता. आज मला वाटतं त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. सगळे प्राणी आसरा आणि मारबतच झाले असते तर कोणी जिंकलंच नसतं. पण सगळे पकडण्यासारखे असते तर मी तो डबा वीस वर्षं सांभाळला नसता.

आता मुंजा.

पोकेमॉनमधली आम्हाला सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे इवॉल्व होणं. लहानसा चारमँडर मोठा होत होत पंखांचा चारिझार्ड होतो. तर आमच्याही खेळात ते हवं होतं. झोटिंगचा खवीस, खवीसाचा वेताळ, अशा शिड्या दादाने वहीत लिहून काढल्या. मुंज्यापुढे त्याने ब्रह्मराक्षस लिहिलं आणि आजीला वाचून दाखवलं.

आजी म्हणाली, "मुंजा मोठा होत नाही."

"काहून?"

"मोठा झाला असता तर मुंजा कशाला झाला असता? मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत गेला. तेवढाच राहतो तो. आठ वर्षांचा असेल तर आठच."

दादा म्हणाला मग काहीतरी दुसरं होऊ दे त्याचं. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग सूप बाजूला ठेवून तिने सांगितलं. तिच्या माहेरी, काटोलला, तिच्या थोरल्या भावाची मुंज वैशाखात झाली होती. आश्विनात तो तापाने गेला. ती पाच वर्षांची होती. वाड्यामागे पिंपळ होता, आणि गावातले लोक आपसात बोलायचे ते तिच्या कानावर यायचं, की तो तिथे आहे. सगळी मुलं त्या पिंपळाला घाबरायला लागली. ती घाबरली नाही. ती रोज मूठभर मुरमुरे नेऊन बुंध्याशी ठेवायची, कारण त्याला मुरमुरे आवडायचे. एक दिवस तिने पाहिलं, तिच्या मुरमुऱ्यांच्या शेजारी आधीच कोणीतरी गुळाचा खडा ठेवलेला होता. तिची आई त्याबद्दल कधी काही बोलली नाही. तीही बोलली नाही.

वीज आली होती. कूलर सुरू झाला. कोणी उठलं नाही.

मुंज्याची चकती आजीने स्वतः लिहिली. चित्र माझं आहे, शेंडी, लंगोटी, हातात दंड. पण खालचे आकडे तिच्या हातचे. ताकद ३. पकडायला ५ किंवा ६. आम्ही म्हटलं, ताकद इतकी कमी आणि पकडायला इतका अवघड, असं कसं? ती म्हणाली, "असू दे तसंच." आणि नियम सांगितला: तो हाताला लागला तर तीन फेऱ्या जवळ ठेवायचा. लढाईला काढायचा नाही. तीन फेऱ्या झाल्या की पिंपळाच्या घरात जाऊन त्याची सोडमुंज करायची, म्हणजे चकती डब्यात परत ठेवायची. त्या डावात तो पुन्हा कोणाला दिसत नाही. सोडणाऱ्याला एक दान जास्त.

"मग पकडायचाच कशाला?" दादाने विचारलं.

"नको पकडू मग," आजी म्हणाली.

पण आम्ही तिघंही त्याच्याच मागे असायचो. का, ते आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. एका जास्तीच्या दानासाठी कोणी इतकं करत नाही.

सातोशी ताजिरी या माणसाबद्दल मी कॉलेजात वाचलं. पोकेमॉन त्याच्या डोक्यातून निघाला. १९६५ चा जन्म, टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढलेला. लहानपणी किडे गोळा करायचा, इतका की मुलं त्याला 'डॉक्टर किडा' म्हणायची. तो मोठा होता होता तिथली शेतं, तळी गेली, घरं आणि दुकानं आली, आणि किडे दिसेनासे झाले. पुढे त्याने गेम बॉय हे हातातलं खेळण्याचं यंत्र पाहिलं. दोन यंत्रं जोडणारी तार पाहून त्याला वाटलं, हिच्यातून एक किडा सरपटत एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जातोय. तिथून सुरुवात. खेळ बनायला सहा वर्षं लागली आणि २७ फेब्रुवारी १९९६ ला तो जपानमध्ये आला. त्यात १५१ प्राणी होते. लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्या; काही प्राणी एकीतच, काही दुसरीतच. एकट्याने सगळे गोळा करताच येणार नाहीत अशी रचना मुद्दाम केलेली. आणि कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर, हाँटर या चौघांना आणखी एक विचित्र अट होती: हे चौघं कितीही लढवा, कितीही जपा, आपल्याजवळ असेपर्यंत पुढचं रूप घेत नाहीत. दुसऱ्याच्या हातात दिले, तारेतून पलीकडे गेले, तरच मोठे होतात.

ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मला पहिल्या पावसानंतर आमच्या अंगणात निघणारे मृगाचे किडे आठवले, लाल मखमलीच्या थेंबांसारखे. काड्यापेटीत ठेवलेले सोनकिडे आठवले. माचिदाच्या मुलाने आपल्या तळ्यातले राहणारे हरवू नयेत म्हणून त्यांना दुसरी जागा करून दिली. आम्हीही नकळत तेच करत होतो, फक्त आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं की आमच्याही जागा जायच्या आहेत.

आजी २०१२ मध्ये गेली. २०१४ मध्ये वाडा विकला. आमच्या वाड्यामागेही पिंपळ होता, विहिरीच्या कठड्याला मुळं घालून उभा. पटावरचं पिंपळाचं घर तेच. जागा मोकळी करताना तो पडला. विकण्याचा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला होता, त्यात कोणाची चूक नव्हती. मी त्या दिवशी गेले होते. बुंधा कापायला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. विहीर त्याच्याही आधी बुजवली होती. मजुरांतल्या एका म्हाताऱ्याने करवत लावण्याआधी झाडाला हात लावून नमस्कार केला आणि सुपारी ठेवली. मला त्याच्याशी बोलायचं होतं, पण शब्द सुचला नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मुरमुऱ्यांची पुडी आणली होती, ती त्याच्या सुपारीशेजारी ठेवली.

मुंज्याची जागा गेली की मुंजा कुठे जातो, हे आजीला विचारायचं राहून गेलं.

दादा २०१५ मध्ये कॅनडाला गेला. जायच्या आदल्या रात्री आम्ही तिघं शेवटचा डाव खेळलो आणि डावानंतर त्याने एक चकती मागितली. मला वाटलं तो आग्या वेताळ मागेल, सगळ्यांत ताकदवान. त्याने चकवा घेतला. ही ती बेचाळिसावी. पाकिटात ठेवतो, असं सांगतो. पहिल्या हिवाळ्यात त्याने एकदा मध्यरात्री फोन केला होता. घरापासून दोन गल्ल्यांवर वाट चुकला होता, बर्फात सगळी घरं एकसारखी दिसत होती. एका बसथांब्याच्या काचेआड जाऊन बसला, आजीचं ऐकून, आणि बसल्यावर समोरच्या दुकानाची पाटी ओळखीची वाटली. फोनवर तो हे सांगत असताना मागे वाऱ्याचा आवाज येत होता आणि इकडे आमच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये माझा पंखा घरघरत होता. इतक्या दूर जाऊन चकव्याने घर दाखवलं, असं काही आजीच्या नियमांत नव्हतं. पण आजीच्या काळात त्याला तारेपलीकडे कोणी दिलंही नव्हतं.

या मे महिन्यात छोट्याची मुलगी आमच्याकडे राहायला आली. आठ वर्षांची आहे. तिच्यासाठी पोकेमॉन नवे नाहीत. आता ते हजाराच्या वर गेलेत आणि तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाठ आहेत. डबा तिने स्वतःच माळ्यावरून शोधून काढला. पुठ्ठ्याचा पट घडीवर फाटलाय, त्याला मागून चिकटपट्टी लावली. तिला नियम सांगताना लक्षात आलं की मी आजीच्याच सुरात सांगतेय, 'तो लढत नाही', 'त्यांना धरायचं नाही'. तिने एकाही नियमावर हरकत घेतली नाही. फक्त पिंपळाच्या घरावर बोट ठेवून विचारलं, "आत्या, हे कुठे आहे?"

मी म्हटलं, आता तिथे चार मजली इमारत आहे.

"मग हा कुठे राहतो?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "इथे तर आहेच ना," आणि पटावरच्या हिरव्या खडूच्या झाडावर चकती पालथी ठेवून दिली. नंतर दोन तास आम्ही खेळलो. तिने खवीस धरला, शून्य मैलावरून थेट अंबाझरीला उडी मारली, शुक्रवारी तलावावर आसरांपुढे आपला खवीस ठेवला आणि फाशावर तीन पडला, म्हणजे विषम, म्हणजे त्या आल्या नाहीत. ती हिरमुसली नाही. पुढच्या फेरीत पिंपळापाशी पोचली आणि चकती उलटली. शेंडी, लंगोटी, दंड, आणि खाली आजीच्या हातचा थोडा तिरका ५.

"याला खायला काय आवडतं?" तिने विचारलं.

"मुरमुरे."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. डबे उघडल्याचे आवाज आले. मूठभर मुरमुरे आणून तिने पटाच्या कडेला ठेवले, फासा दोन्ही हातांत खूप वेळ खुळखुळवला आणि टाकला.

४ पडला.

तिने फासा माझ्याकडे सरकवला. "आता तू."